दापोलीचे पेन्शनर

लष्करी पेन्शनचा विषय निघाला की आपल्याकडचं बोलणं लगेच रुपयांवर येतं. ५ सप्टेंबर २०१५ ला सरकारने 'वन रँक वन पेन्शन' जाहीर केलं तेव्हा आमच्या घरातल्या मोठ्यांनी पेपर पुढे ओढून कुणाला किती फरक मिळणार याची आकडेमोड सुरू केली होती. जून २०२२ मध्ये 'अग्निपथ' आली तेव्हाही तेच. चार वर्षं नोकरी, चौघांतल्या फार तर एकाला पुढे ठेवून घेणार, बाकीच्यांना पावणेबारा लाखांच्या आसपास रक्कम देऊन निरोप, पेन्शन नाही. ते पावणेबारा लाख बँकेत ठेवले तर महिन्याला व्याज किती पडेल, यावर एका लग्नाच्या पंगतीत श्रीखंडापासून मठ्ठ्यापर्यंत चर्चा चाललेली मी ऐकली आहे. आकडे महत्त्वाचे आहेतच, नाही कोण म्हणतो! पण दर महिन्याला न चुकता येणारे ते पैसे गावात राहणाऱ्या माणसाला नेमकं काय देतात, कशातून सोडवतात, हे बघायचं असेल तर सव्वाशे-दीडशे वर्षं मागे कोकणात जावं लागेल. दापोलीला.

दापोली म्हटलं की आता लोकांना कृषी विद्यापीठ, साने गुरुजी शिकले ती शाळा आणि शनिवार-रविवारी कर्दे-मुरुडकडे निघालेल्या गाड्या आठवतात. आमची आजी मात्र शेवटपर्यंत 'काप-दापोली' म्हणायची. हा 'काप' म्हणजे कॅम्प. पेशवाई बुडाल्यावर कोकण इंग्रजांच्या हातात आलं आणि डोंगरमाथ्यावरच्या ह्या सपाट, थंड जागी त्यांनी लष्करी छावणी केली. पुढे पलटण तिथून हलली, पण छावणीभोवतालची वस्ती राहिली. मुंबई इलाख्याच्या फौजेतून सुटलेले शिपाई, हवालदार, जमादार, सुभेदार तिथे घरं करून राहू लागले. रत्नागिरी हा तसा फौजेला माणसं पुरवणाराच जिल्हा. उतारावरची जमीन, डोक्यावर खोत, पावसाळा सरला की हाताला काम नाही. मराठे, महार, मुसलमान, सगळ्यांतली माणसं पलटणीत जायची. मी इथे लिहिणार आहे ते त्यांतल्या महार पेन्शनरांबद्दल. पेन्शनमुळे काय येतं आणि ती बंद झाली की काय जातं, हे त्यांच्या इतिहासात जितकं स्पष्ट दिसतं तितकं मला दुसरीकडे दिसलेलं नाही.

मुंबईच्या फौजेची एक जुनी रीत होती. बंगालच्या फौजेत वरच्या जातीचे शिपाई पसंत केले जात आणि त्यांचं सोवळं-ओवळंही सांभाळलं जाई. मुंबईवाले याचा उलट अभिमान बाळगत. त्यांच्याकडे मराठा, महार, मुसलमान, बेने इस्रायल एका रांगेत उभे राहत. १ जानेवारी १८१८ च्या लढाईचा भीमा-कोरेगावचा स्तंभ ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यावरची 'नाक' शेवटाची नावं आठवतील. ती महार शिपायांची. महार माणूस फौजेत हवालदार, जमादार, सुभेदार होऊ शकत होता आणि देशी माणसाला मिळणारा पलटणीतला सगळ्यात वरचा हुद्दा म्हणजे सुभेदार-मेजर, तिथपर्यंतही पोचत होता. बाबासाहेब आंबेडकरांचे आजोबा मालोजी फौजेत, वडील रामजी सुभेदार-मेजर, आणि आईचे वडीलही सुभेदार-मेजर. म्हणजे दोन्हीकडून लष्करी घराणं.

हुद्द्याइतकीच, किंबहुना त्याहून मोठी मिळकत म्हणजे शाळा. कंपनीच्या काळापासून फौजेत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं. मुलींनाही, हे लक्षात घ्या. ज्या काळात पुण्यात मुलींच्या शाळेवरून शेण आणि दगड फेकले जात होते त्याच काळात पलटणीच्या लाइनीत महाराची मुलगी पाटी घेऊन बसत होती. रामजी सकपाळांनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमधून अध्यापनाचा दाखला मिळवला आणि पुढे चौदा वर्षं ते लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत भीमराव जन्मले ते एका हेडमास्तरच्या घरी, हे आपण बरेचदा विसरतो.

आता असा माणूस वीस-पंचवीस वर्षं नोकरी करून सुटतो. पायात बूट घालायची सवय झालेली, बाळबोध आणि मोडी वाचता येते, साहेबाशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलता येतं, हाताखाली शे-दीडशे माणसं चालवलेली. तो गावी परत गेला तर तिथे काय आहे? महारवतन. सरकारी सारा तालुक्याला पोचवायचा, वर्दी द्यायला धावायचं, रात्रीचा पहारा, हद्दीचा तंटा निघाला की हजर, मेलेलं ढोर ओढून न्यायचं. बदल्यात वतनाचा जमिनीचा तुकडा, बलुतं आणि दारोदार जाऊन मागितलेली भाकरी. हे काम जातीचं, त्यामुळे सुभेदार असलात तरी घराण्याच्या वाट्याला ते आहेच.

माझ्या मते पेन्शनचं खरं काम इथे आहे. गावातल्या महाराला गावकी सोडता येत नव्हती, कारण पोट तिच्यावर होतं. गावाने बलुतं बंद केलं की चूल बंद. पेन्शनराची चूल मात्र गावाच्या हातात नव्हती. त्याचे पैसे सरकारी खजिन्यातून यायचे, रोख यायचे, आणि पीक बुडालं म्हणून थांबत नव्हते. तो भाकरी मागायला जाणार नाही, ढोर ओढणार नाही, आणि गावाला ते फारच खुपलं तर सरळ उठून दापोलीच्या कॅम्पात राहायला जाईल. तिथे त्याच्यासारखीच आणखी घरं आहेत. त्या घरांत वर्तमानपत्र येतं, लिहिता-वाचता येणारी मुलं आहेत, आणि दुपारी वेळ आहे. ह्या शेवटच्या गोष्टीकडे इतिहासकारांनी फारसं लक्ष दिलेलं नाही असं मला वाटतं. त्या काळी कष्टकरी माणसाला भर दुपारी बसून कागद लिहायला वेळ असणं ही चैन होती.

(आमच्या वाडीतही एक सुभेदारआजोबा होते. पासष्टच्या लढाईनंतर काही वर्षांनी सुटून आलेले. पेन्शनीत आल्यावर त्यांनी शेती केली नाही, दुकान टाकलं नाही, अख्ख्या वाडीचे अर्ज लिहिले. "सुभेदार, वायच येवढा अर्ज लिवून द्या," म्हणत माणसं पडवीत येऊन बसायची. तलाठ्याला अर्ज, वीजमंडळाला अर्ज, मुंबईला गेलेल्या मुलाला पत्र. पैसे घेत नसत, पण शाई-कागद ज्याने त्याने आणायचा. वाडीला रस्ता झाला तो त्यांच्या अर्जांमुळे असं अजून बोललं जातं. तो किती खरा, किती खोटा, ते आमदारांना विचारा!)

दापोलीच्या पेन्शनरांतलं सगळ्यात ठळक नाव गोपाळबाबा वलंगकर. महाडजवळच्या रावढळचे. १८८६ साली ते हवालदार म्हणून फौजेतून निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. महात्मा फुल्यांच्या विचारांचा त्यांच्यावर ठसा होता. निवृत्तीनंतर दोन वर्षांत, १८८८ साली, त्यांनी 'विटाळ विध्वंसन' नावाचं छोटं पुस्तक काढलं. त्यात शास्त्राच्या जाणकारांना प्रश्न विचारले आहेत : विटाळ कुठून आला, कुणी सांगितला, कशाने सिद्ध होतो? 'दीनबंधू'सारख्या पत्रांतून ते लिहीत राहिले. 'अनार्य दोष परिहारक मंडळ' ही संस्था त्यांनी उभी केली, तिचा आधार हे असेच पेन्शनर होते. १८९५ साली त्यांची महाडच्या तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली आणि शेजारी महार बसणार हे इतर सभासदांच्या पचनी पडलं नाही. १९०० साली ते वारले. चौदा वर्षांचं निवृत्त आयुष्य. आजच्या भाषेत ज्याला 'सेकंड करिअर' म्हणतात त्याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात जुनं आणि तगडं मराठी उदाहरण आहे, आणि ते बिनपगारी होतं.

दापोलीच्या पेन्शनरांनी केलेली दुसरी गोष्ट म्हणजे शाळेचा झगडा. पलटणीच्या लाइनीत ज्यांची मुलं शाळेत जात होती त्यांना कॅम्पाबाहेर आल्यावर कळलं की गावच्या सरकारी मदतीच्या शाळेत महाराच्या मुलाला जागा नाही. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी वर अर्ज केले. शाळा कराच्या पैशावर चालते, कर आम्हीही भरतो, मग आमची मुलं का नकोत, असा साधा हिशेबी सवाल. अर्जांमागून अर्ज गेल्यावर मुलांना घेतलं गेलं, पण बसवलं ओट्यावर, वर्गाबाहेर. ज्या माणसाने लष्करी शाळेत मुलांना धडे दिले त्याच्या मुलाने आता खिडकीतून ऐकायचं! हा अपमान सोसून मुलं तिथे बसली आणि शिकली. शाळेत घालायचं, अर्ज करायचा, उत्तर नाही आलं तर वरच्या साहेबाला करायचा, ही सगळी पेन्शनरांची लष्करी शिस्त.

आणि नेमक्या ह्याच सुमाराला वरून घाव आला. १८९२ साली महारांची फौजेतली भरती बंद करण्यात आली.

कारण कागदावर सरळ होतं. १८८५ ते १८९३ ह्या काळात लॉर्ड रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती होते. हिंदुस्थानात काही जाती जन्मजात लढवय्या आणि बाकीच्या बिनकामाच्या, असं त्यांचं ठाम मत. उत्तरेकडून रशिया येईल ही भीती, त्यामुळे पंजाबी, पठाण, गुरखा हे शिपाई हवेत. मद्रास आणि मुंबईच्या फौजा शांततेत बसून नरम झाल्या असं ते म्हणत. त्यातच एकेका जातीच्या वेगळ्या कंपन्या-पलटणी करायचं धोरण आलं. मग मिसळून उभं राहायची मुंबईची रीत मोडली आणि महाराच्या शेजारी उभं राहायला नको म्हणणाऱ्यांची सोय झाली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं स्वतः इंग्रजांनी कोरली त्यांनाच पाऊणशे वर्षांनी सांगितलं की तुम्ही लढवय्ये नाही. मला ह्यात शास्त्र कमी आणि सोय जास्त दिसते.

त्याच साली पंजाबात लोअर चिनाब कालवा सुरू झाला. हा योगायोग आहे, पण तो नजरेआड करवत नाही. ओसाड माळरान पाण्याखाली आलं, लायलपूर (आताचं फैसलाबाद) वसलं, आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत पंजाबातल्या एकामागून एक कालवा-वसाहतींत निवृत्त शिपायांना आणि सुभेदारांना जमिनी मिळत गेल्या. नुसती पेन्शन नाही, पाण्याखालची जमीन! सरकारने ठरवलं तर निवृत्त सैनिकासाठी ते किती करू शकतं, हे तिथे दिसतं. कोकणातल्या महार पेन्शनराला जमीन तर सोडाच, त्याच्या मुलाला शिपाई व्हायचीही सोय उरली नाही.

भरती थांबली म्हणजे चालू असलेली पेन्शन थांबली असं नव्हे. जे पेन्शनर होते त्यांना ती मरेपर्यंत मिळाली. त्यांना कळलेली गोष्ट वेगळी होती. आता नवा पेन्शनर तयार होणार नव्हता. नवी शाळकरी मुलं पलटणीच्या लाइनीतून बाहेर पडणार नव्हती. आपण गेलो की घरातलं रोख उत्पन्न बंद, आणि नातवाला पुन्हा गावकीच्या दारात उभं राहावं लागणार. एका पिढीने कष्टाने चढलेला जिना खालून काढून घेतला होता. म्हणून ज्यांचं स्वतःचं काही जाणार नव्हतं ते म्हातारेच पहिल्यांदा उठले.

वलंगकरांनी १८९४ साली भरतीबंदीविरुद्ध विनंतीपत्र तयार केलं. त्यात महारांच्या लष्करी कामगिरीचा दाखला तर आहेच, शिवाय आम्ही मुळात क्षत्रिय, दुर्गादेवीच्या दुष्काळात अभक्ष्य खावं लागलं म्हणून खाली ढकलले गेलो, असाही युक्तिवाद आहे. आज तो वाचताना जरा अवघडायला होतं. समोरचा जातीच्या मोजपट्टीने मोजतोय म्हटल्यावर अर्जदारही तीच पट्टी हातात घेतो. पण सरकारी अर्ज लिहिणारा माणूस साहेबाला काय पटेल ते लिहितो, स्वतःला काय पटतं ते पुस्तकात लिहितो. 'विटाळ विध्वंसन' लिहिणाऱ्या वलंगकरांना हा फरक कळत नसेल असं मला वाटत नाही.

दुसरा अर्ज न्यायमूर्ती रानड्यांनी लिहून दिलेला. ह्याची हकीकत बाबासाहेबांनीच सांगितली आहे. १९४३ च्या जानेवारीत रानड्यांच्या जयंतीनिमित्त पुण्यात त्यांचं व्याख्यान झालं. ते 'रानडे, गांधी आणि जीना' नावाने प्रसिद्ध आहे. वडिलांचे जुने कागद चाळताना महार अंमलदारांनी १८९२ च्या हुकुमाविरुद्ध सरकारला केलेला अर्ज आपल्याला सापडला, आणि चौकशी केल्यावर तो रानड्यांनी तयार करून दिल्याचं कळलं, असं त्यांनी तिथे सांगितलं. रामजींनी तो कागद आयुष्यभर जपून ठेवला होता.

त्यानंतर पुण्याचे शिवराम जानबा कांबळे. ते स्वतः सैनिक नव्हते. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला सासवडला सभा घेऊन त्यांनी पंधराशेहून जास्त महारांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे पाठवला, आणि १९१० साली थेट विलायतेला भारतमंत्र्यांकडे दुसरा धाडला. मागण्या बघा : फौजेत घ्या, पोलिसांत घ्या, सरकारी खात्यातल्या खालच्या जागांवर तरी घ्या. त्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा तीच गोष्ट होती, गावाबाहेरून येणारा रोख पैसा.

मग निवृत्त माणसं करत काय होती? वलंगकरांसारखे थोडे. बाकीच्यांना पेन्शनीत भागत नसे, मुलं मोठी होत होती, शिक्षणाचा खर्च होता. लिहिता येणारा, हिशेब ठेवणारा, रोकड सांभाळायला भरवशाचा माणूस सरकारी कामांवर हवाच असायचा, तेव्हा सुभेदार कारकून व्हायचे, कॅशियर व्हायचे. आजही बघा, सोसायटीच्या फाटकावर, एटीएमच्या दारात खुर्ची टाकून बसलेले काका माजी सैनिक असतात. भरवसा हीच त्यांची डिग्री. फाटकापलीकडच्या कामाला त्यांना सहसा कुणी विचारत नाही, हे मला नेहमी खटकत आलं आहे.

रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंबाला घेऊन दापोलीला आले, कायमचं राहायच्या इराद्यानेच. पण तिथे बेत बदलला आणि ते साताऱ्याला गेले. खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर तळं खणणं चाललं होतं, तिथे रामजींना कॅशियरची नोकरी होती. दुष्काळाने माणसं मरत होती, त्यांना मजुरी वाटायची, म्हणजे रोकड मोठी आणि जबाबदारीही मोठी. १९०१ सालच्या उन्हाळ्यात त्यांनी मुलांना भेटीला बोलावलं. पुढची हकीकत बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' ह्या आठवणींत लिहिली आहे आणि बऱ्याच जणांना ती ठाऊक असेल. पोरं नवे कपडे, जरीच्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं घालून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. घ्यायला कुणी नाही, कारण वडिलांच्या हाताखालच्या माणसाने पत्र द्यायचंच विसरलं. स्टेशनमास्तर आधी प्रेमाने बोलला, मुलं महार आहेत कळल्यावर मागे सरला. गाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो बाजूने चालणार. टोलनाक्यावर रात्र काढली. डब्यात जेवण होतं, प्यायला पाणी मिळालं नाही, म्हणून जेवण तसंच राहिलं.

ह्या गोष्टीतल्या क्रौर्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मी ती वाचतो तेव्हा मला आगगाडीचं तिकीट, रेशीमकाठ आणि दुप्पट भाडं देण्याची ऐपतही दिसते. ती सुभेदाराच्या पेन्शनीतून आणि पेन्शनीनंतरच्या नोकरीतून आलेली. तिकीट मिळालं, कपडे मिळाले, शाळा मिळाली, पुढे मुंबईचं एल्फिन्स्टन हायस्कूल मिळालं. पाणी मात्र पेन्शनीत मिळत नव्हतं.

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा सरकारला महार पुन्हा आठवले. १९१७ साली '१११ महार' ही पलटण उभी राहिली. कोकणातून, देशावरून पोरं धावली, आजोबांच्या हुद्द्याच्या गोष्टी ऐकून वाढलेली पोरं. युद्ध संपलं, काटकसर आली, आणि १९२१ साली पलटण मोडून टाकली. चार वर्षं! एवढ्या नोकरीवर साध्या शिपायाला पेन्शन बसायची नाही. १९१९ साली निवृत्त सैनिकांची विचारपूस करायला इंडियन सोल्जर्स बोर्ड निघालं होतं, आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड हे त्याचंच पुढचं रूप. पण ज्याच्या जातीची भरतीच पुन्हा बंद झाली त्याला विचारपुशीचा उपयोग तो किती.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याची म्हणून आपण ती ओळखतो. तळ्यावर निघालेल्या त्या गर्दीत जुने लष्करी लोक होते, आणि बाबासाहेबांच्या भाषणात दापोली-महाडच्या त्या जुन्या दिवसांची आणि भरतीबंदीची आठवण होती. ह्या भागात एके काळी पलटणीमुळे शिक्षण होतं, टापटीप होती, ती बंदीने गेली, असं सांगून त्यांनी लोकांना गावकीची कामं सोडायला सांगितलं. पाणी पेन्शनीत मिळत नाही हे टोलनाक्यावर कळलेल्या मुलानेच तळ्यावर जाऊन ओंजळ भरली, एवढंच इथे नोंदवतो.

भरतीचं दार खरं उघडलं ते १ ऑक्टोबर १९४१ ला, बेळगावात महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली तेव्हा. १८९२ पासून मोजली तर एकोणपन्नास वर्षं. बंदीच्या साली अठरा वर्षांचा असलेला मुलगा आता सदुसष्टचा म्हातारा होता. वलंगकर जाऊन चार दशकं झाली होती, रामजी १९१३ साली गेले होते. नव्या रेजिमेंटच्या पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. रानड्यांच्या अर्जाची आठवण त्यांनी पुण्यात सांगितली ती ह्या पदावर असतानाच. युद्ध संपत आलं तेव्हा हिंदी फौज वीस लाखांच्या पुढे गेली होती आणि त्यातले बहुतेक जण तीन-चार-पाच वर्षांच्या नोकरीवर घरी जाणार होते. पेन्शनीला पात्र नाहीत, पण ड्रायव्हिंग शिकलेले, वायरलेस शिकलेले, मोटार खोलून पुन्हा जोडता येणारे. इतक्यांना जन्मभर पोसणं सरकारला शक्य नव्हतं, तेव्हा काम मिळवून द्यायचं ठरलं. जुलै १९४५ मध्ये मजूर खात्याखाली पुनर्वसन आणि रोजगार महासंचालनालय निघालं. सुटलेल्या सैनिकाने नाव नोंदवायचं, काय काय येतं ते सांगायचं, आणि कारखान्यांकडून, रेल्वेकडून मागणी आली की चिठ्ठी घेऊन मुलाखतीला जायचं, अशी योजना. त्यासाठी शहरोशहरी एक्स्चेंज उघडली. ज्याच्या घरात दोन पिढ्या लष्करी पेन्शनीवर वाढल्या त्याच्या हाताखालच्या खात्याकडे हे काम आलं, याची चरित्रांमध्ये फारशी दखल दिसत नाही. मला तरी ती मोठी गोष्ट वाटते.

१९४८ साली ही एक्स्चेंज सैनिक नसलेल्यांनाही खुली झाली. सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांनी दहावी-बारावी केली त्यांना हे सांगायला नको. निकाल लागला की पेढे वाटायच्या आधी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजला जाऊन नाव घालायचं आणि मिळालेलं कार्ड दर ठरावीक वर्षांनी आठवणीने नव्याने करून आणायचं. आमच्या काकांनी ते कार्ड सोळा वर्षं सांभाळलं, एकही कॉल न येता. कपाट आवरताना ते परवा सापडलं. माजी सैनिक आहे काय, असा एक रकाना त्यावर अजून आहे आणि काकांनी तिथे निळ्या शाईत 'नाही' लिहिलं आहे.